खुळाची थोरवी

संध्याकाळी सव्वासहाला मी ‘क्विक फॉरमॅट’पुढची बरोबरची खूण काढून टाकली आणि ‘स्टार्ट’ दाबलं. रात्रीची जेवणं आटोपली तेव्हा हिरवी पट्टी जेमतेम दोन बोटं सरकली होती. झोपण्याआधी डिस्कवर हात ठेवून पाहिला. अंगात कणकण असलेल्या मुलाच्या कपाळाइतकी ती गरम लागली. टेबलफॅन तिच्याकडे वळवला आणि आम्ही तसेच उकाड्यात झोपलो. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी पट्टी भरली.

आठ टेराबाइटची नवी कोरी डिस्क. तिच्यात अजून एक अक्षर नव्हतं, आणि ती पुसायला चौदा तास. बायकोने रात्री दोनदा उठून विचारलं, “झालं का हो?” मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, “बाबा, ती खूण तशीच ठेवायची असते. दहा सेकंदांत काम होतं.” दूधवाल्याच्यासुद्धा कानावर गेलं होतं. सगळ्यांचं एकच मत पडलं: हे खूळ आहे.

खूळच आहे ते. मला त्या खुळाची स्तुती करायची आहे, आणि ती करताना हातचं काही राखायचं नाही. वस्तूच्या किमतीहून जास्त जीव तिच्यात अडकवणं, एका मिनिटाच्या कामाला रात्र देणं, कुणी ‘चालतंय की’ म्हटल्यावरही पुन्हा एकदा तपासणं, याला जग खूळ म्हणत असेल तर ते खूळ घराघरात असावं असं मला वाटतं.

आधी चौदा तासांचा हिशेब सांगतो. आठ टेराबाइट म्हणजे आठ लाख कोटी बाइट. अशी डिस्क सेकंदाला साधारण सोळा कोटी बाइट लिहिते. भागाकार केला की पन्नास हजार सेकंद येतात. चौदा तासांना सात मिनिटं कमी. क्विक फॉरमॅट यातलं काहीच करत नाही. तो फक्त अनुक्रमणिकेचं पान बदलतो आणि सांगतो, जागा मोकळी आहे. सातबारा पाहून शेत घ्यावं तसं आहे ते. पूर्ण फॉरमॅट म्हणजे बांधावरून स्वतः फिरणं. विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट डिस्कच्या प्रत्येक कणावर शून्य लिहितो. कुठे खडक आहे, कुठे पाणी मुरतं, ते पाय ठेवल्याशिवाय कळत नाही. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त मजकूर मावतो, म्हणून सुरुवातीला पट्टी भराभर सरकते. आत येईल तसा वेग जवळजवळ निम्म्यावर उतरतो. पहाटे उठून पाहणाऱ्याला वाटतं की डिस्क अडकली. ती अडकलेली नसते, तिला तेवढा वेळ लागतोच. पहाटे चार वाजता केबल न उपसण्याइतका धीर हवा.

हा धीर माझ्याकडे मुळात नव्हता. तो कुठून आला ते सांगायला हवं.

माझ्या वडिलांनी १९८४ ते १९९१ या काळात जात्यावरच्या ओव्यांच्या एकशे चाळीस कॅसेट भरल्या. वाईजवळचं आमचं गाव, घरात जातं, आणि जात्यावर बसणाऱ्या तिघी: माझी आजी, आई आणि माहेरपणाला येणारी आत्या. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा गावाने त्यांनाही खुळ्यातच काढलं होतं. माणसं नाट्यगीतं भरून आणतात, हा माणूस पहाटे उठून बायकांचं दळण भरतो! पण त्याच सुमारास पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ हेच काम केवढ्या मोठ्या पसाऱ्यावर करत होते. गावोगावच्या बायकांकडून त्यांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या संगणकीय नोंदी आणि ध्वनिमुद्रणं उभी केली, आणि आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, म्हणजे ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यांतल्या कित्येक कुणालाही ऐकता येतात. वडिलांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. दोन्हीकडे वेड मात्र एकच होतं. त्याही आधी, १८९८ साली इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत तो पसारा नेला, तो गावोगावची जुनी दप्तरं आणि रुमाल हुडकत पायपीट करून. ज्यांच्या माळ्यावर ते रुमाल पडून होते, त्यांना हा माणूस शहाणा वाटला असेल असं मला वाटत नाही.

मी निवृत्तीच्या आसपास त्या कॅसेट संगणकात उतरवल्या. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना घाम येतो. कॅसेटच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढली होती. काही पट्ट्या एकदा वाजल्या आणि दुसऱ्यांदा वाजवण्याजोग्या उरल्या नाहीत. एक तर माझ्या डोळ्यांदेखत टेपरेकॉर्डरच्या हेडला चिकटली आणि तुटली. दोन वर्षं लागली. एकूण दोनशे दहा तास. उत्तम दर्जाने उतरवलं की तासाला दोन गीगाबाइट होतात, म्हणजे सगळं मिळून सव्वाचारशे गीगाबाइटच्या आसपास. एकेका गाण्याची वेगळी फाइल केली, प्रत्येकीला नाव दिलं: कोणी म्हटलं, कुठल्या साली, कशावरची ओवी. एक हजार नऊशे बारा फाइली. त्या एक टेराबाइटच्या खिशात मावणाऱ्या डिस्कवर ठेवल्या आणि मला वाटलं की काम झालं. दुसरी प्रत केली नव्हती.

एके दिवशी दुपारी त्या डिस्कवर काही लिहिलं जात असताना लाईट गेली. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. ही पद्धत विंडोज, मॅक आणि टीव्ही सगळीकडे चालते म्हणून लोकांना सोयीची वाटते, पण ती कामाची रोजनिशी ठेवत नाही. एनटीएफएस आधी नोंद करते, ‘आता मी हे बदलणार आहे’, आणि मग बदलते. मध्येच वीज गेली तर नोंद वाचून तिला मागे येता येतं. एक्सफॅटला ती सोय नाही. लाईट आली, संगणक सुरू केला, आणि पडद्यावर ती खिडकी आली: ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करणं आवश्यक आहे. फॉरमॅट करायचा आहे का?

मी ‘नाही’ म्हटलं, एवढं पुण्य माझ्या खात्यावर आहे. मग डिस्क घेऊन दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने ती लावली, तीच खिडकी पाहिली आणि म्हणाला, “काका, काही नाही, फॉरमॅट मारून देतो.” मी ‘आत डेटा आहे’ म्हणेपर्यंत त्याने मारलासुद्धा. दहा सेकंद.

आपण मराठीत शिक्का मारतो, सही मारतो, तसाच फॉरमॅट मारतो. त्या ‘मारण्या’त जो वेग आहे, तोच घात करतो. त्या मुलाचा राग मी धरलेला नाही. त्याच्यापुढे दिवसाला वीस डिस्क येत असतील आणि एकोणीस वेळा गिऱ्हाईक ‘मारा’च म्हणत असेल. ज्या खिडकीत तो ‘स्टार्ट’ दाबतो, तिचा जन्मही असाच घाईतला आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम केलेले डेव्ह प्लमर यांनी सांगितलं आहे की १९९४ च्या अखेरीस एका सकाळी त्यांनी ती खिडकी बसवली. पर्यायांची यादी केली, ते एकाखाली एक मांडले, आणि नीटसं काही येईपर्यंत हे तात्पुरतं चालेल असं ठरवलं. फॅट ३२ या फॉरमॅटच्या पद्धतीसाठीची बत्तीस गीगाबाइटची मर्यादाही, त्यांच्याच म्हणण्यानुसार, तेव्हाच त्यांनी ठरवून टाकली. तीस वर्षांनंतरही लोक त्याच खिडकीत आपल्या घरादाराचे फोटो पुसत होते.

दहा सेकंदांच्या त्या फॉरमॅटने आवाज पुसले नव्हते, फक्त नावांची यादी गेली होती. मी डिस्क घरी आणली आणि तिच्यावर एक अक्षरही लिहू दिलं नाही. क्रिस्तॉफ ग्रेनिए यांनी लिहिलेला फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. तो यादीकडे पाहतच नाही. डिस्कच्या कणाकणातून जातो, आणि ध्वनिफाइलीची सुरुवात जशी दिसते तशी जिथे सापडेल तिथून ती उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. सतराशे चाळीस फाइली परत मिळाल्या. एकीलाही नाव नव्हतं. एफ आणि पुढे सात-आठ आकडे, बस. आजी, आई, आत्या, साल, विषय, सगळं जाऊन आकडे उरले होते.

त्या दिवसापासून मला खूळ लागलं.

आठ टेराबाइटची डिस्क त्या खुळातूनच घेतली. भावकीतल्या लग्नांच्या, जत्रांच्या साठ व्हीएचएस कॅसेटही तोवर माझ्याकडे आल्या होत्या. त्या डीव्ही पद्धतीने उतरवल्या की तासाला तेरा गीगाबाइट, तीन तासांची एक कॅसेट एकोणचाळीस. चुलतभावाने त्यातलं एक लग्न टीव्हीवर लावायला पेनड्राइव्हवर घ्यायचा प्रयत्न केला. पेनड्राइव्ह रिकामा, तरी ‘फाइल फार मोठी आहे’ असा निरोप. त्याला वाटलं पेनड्राइव्ह खराब. पण तो फॅट ३२ होता, आणि फॅट ३२ मध्ये एक फाइल चार गीगाबाइटपेक्षा मोठी ठेवताच येत नाही, जागा कितीही असो.

नवी डिस्क आली तेव्हा पहिला वाद जागेवरूनच झाला. खोक्यावर आठ टेराबाइट, विंडोज दाखवतं ७.२७. मेहुणे म्हणाले, “दुकानदाराने मारलं.” कुणी काही मारलेलं नव्हतं. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि नाव मात्र तेच लावतं. एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्यात चालत नसे, तसलाच प्रकार. दुसरं म्हणजे, नवी डिस्क विचारते की विभागणी एमबीआर पद्धतीने करू की जीपीटी. एमबीआर ही १९८३ च्या पीसीची पद्धत. ती बत्तीस अंकी द्विमान आकड्यात कप्पे मोजते, कप्पा ५१२ बाइटचा, त्यामुळे दोन टेराबाइटच्या पुढे तिला मोजताच येत नाही. मेहुण्यांनी जुन्या सवयीने एमबीआर निवडलं असतं तर २०४८ गीगाबाइट हाती आले असते आणि उरलेले ५४०४ काळ्या पट्टीखाली पडीक राहिले असते. माझ्या एकट्या व्हीएचएसच दोन टेराबाइटच्या पुढे जातात. मी जीपीटी निवडलं, आणि फॉरमॅटसाठी एनटीएफएस. माझ्या भाच्याकडे मॅक आहे. त्यावर एनटीएफएसची डिस्क वाचता येते, पण आपोआप लिहिता येत नाही. त्याला ती अडचण वाटते. मला तर हेच हवं होतं. ऐकायला सगळ्यांनी ऐकावं, चुकून पुसायला कुणाला जमू नये.

पूर्ण फॉरमॅट झाला त्याच सकाळी मी दुसरं खूळ काढलं. सगळी डिस्क खोट्या मजकुराने भरायची आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पडताळायची. भरायला चौदा तास, वाचायला चौदा. या वेळी घरातलं कुणी काही बोललं नाही, नुसतं पाहिलं. वाचताना सत्तर टक्क्यांच्या जवळपास डिस्क थांबली. आतून आवाज आला, टक्, मग थोडं शांत, पुन्हा टक्. मी जागाच होतो. डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते, ती उघडली. पाचव्या ओळीत, म्हणजे बाद करून बदललेल्या कप्प्यांच्या ओळीत, शून्य होतं. १९९ व्या ओळीतही शून्य, म्हणजे केबलमध्ये खोट नाही. १९७ व्या ओळीत मात्र आठ आकडा होता. ही ओळ वाचता न आलेल्या, निकाल लागायच्या कप्प्यांची. आठचा आकडा सहसा एकाच जागेचा असतो, कारण आजच्या डिस्कमधला एक खरा कप्पा ४०९६ बाइटचा असतो आणि जुन्या मापात तो आठ मोजला जातो. कोऱ्या डिस्कवर तांदळाच्या कणाहूनही लहान असा एक डाग. क्विक फॉरमॅट करून मी ती भरली असती तर त्या डागावर वर्षभराने कुणाचं तरी गाणं येऊन बसलं असतं. डिस्क बदलून मिळण्याच्या मुदतीत होती, बदलून मिळाली. दुसऱ्या डिस्कवर पुन्हा तेच बेचाळीस तास घालवले. ती निर्मळ निघाली.

मुलगा तेव्हा म्हणाला, “आठ कोटींत एखादी असेल बाबा तशी.” असेल. ती माझ्याकडे आली होती.

खुळाच्या आणखीही तऱ्हा आहेत, त्या मला प्रिय आहेत. मोठ्या डिस्कला बारा व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर लागतो, आणि त्याची पिन घरातल्या इतर चार अॅडॉप्टरांसारखीच असते. लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा जोडला तर डिस्क जागच्या जागी जाते. मी त्या अॅडॉप्टरला लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे, आणि डिस्कच्या भोकाभोवतीही तशीच. आमच्याकडे पाहुणे आले की ती लाल पट्टी पाहून हसतात. लहान डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. ती चालू होऊन लगेच बंद पडत असेल तर डिस्कला नाव ठेवण्याआधी मी केबल बदलतो, पुढच्या तोंडाऐवजी संगणकाच्या मागच्या तोंडात लावतो. निम्मी दुखणी तिथेच बरी होतात. विंडोज दहाच्या २०१८ च्या आवृत्तीपासून ‘सेफली रिमूव्ह’ न करता डिस्क काढली तरी चालावं अशी मूळ मांडणी असते. तरी मी ते करतो, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत उभा राहतो आणि मगच हात लावतो.

माझ्या एका स्नेह्याची डिस्क लिहिता लिहिता अचानक मंद झाली, तेव्हा त्याने ती टाकून द्यायला काढली होती. मी त्याला आमच्या घराच्या छपराखाली नेऊन दाखवलं. काही मोठ्या डिस्कवर मजकुराचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, म्हणून कमी जागेत जास्त मावतं. पण खालच्या ओळीतलं एक कौल बदलायचं तर वरच्या ओळी उतरवाव्या लागतात. नवा मजकूर ओतत राहिलं की डिस्कला हे शाकारणीचं काम मागे पडत जातं, आणि वेग पडतो. तिला रात्रभर चालू ठेवून काही न करता बसू दिलं की सकाळी ती ताळ्यावर येते. त्याने बसू दिलं. त्याची डिस्क आजही चालते आहे.

मात्र खूळ आणि अज्ञान यांत फरक करायला हवा. टकटक करणारी डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा असं सांगणारे लोक अजून भेटतात. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, आणि वाचणारं टोक तबकडीपासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर फिरत असतं. हे खूळ नव्हे, हा घाईचाच दुसरा प्रकार आहे. आजारी डिस्कवर ‘स्कॅन अँड फिक्स’ चालवणंही तसंच. दुरुस्ती म्हणजे लिहिणं, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहू नये. आधी तिची जशीच्या तशी प्रत काढावी. आंतोनियो दियास दियास यांचा डीडीरेस्क्यू हे काम फार शहाणपणाने करतो. जिथे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेल्या जागा सोडून देतो, त्यांची नोंद ठेवतो, आणि शेवटी एकेका अडलेल्या जागेकडे परत येतो. वडील आम्हाला पेपर असाच सोडवायला सांगत. आणि डिस्क आतून आपटल्यासारखी वाजत असेल तर तीही प्रत काढत बसू नये. वीज काढावी आणि ज्यांच्याकडे धूळविरहित खोली आहे त्यांच्या हाती द्यावी.

आता माझ्याकडे तीन प्रती आहेत. एक घरात, एक बहिणीकडे कोल्हापूरला, एक इंटरनेटवर. सगळं मिळून पावणेतीन टेराबाइट वर चढवायला आमच्या जोडणीवर आठवड्यांमागून आठवडे गेले. पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने तीन प्रती, दोन तऱ्हेच्या साधनांवर, एक घराबाहेर असा नियम रूढ केला, तो मी भिंतीवर लिहून ठेवला आहे. दर दिवाळीला बहीण फराळाबरोबर तिच्याकडची डिस्क घेऊन येते. मी ती लावतो, सगळ्या फाइली पडताळतो आणि भाऊबीजेला परत देतो. ओवाळणीच्या ताटाशेजारी लाल पट्टीचा अॅडॉप्टर असतो. तिच्या सुनेला पहिल्या वर्षी हे विचित्र वाटलं. यंदा तिनेच आठवण केली.

आता त्या सतराशे चाळीस निनावी फाइलींबद्दल. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यापासून ती आमच्याकडे राहायला आली आहे. दुपारी जेवणानंतर मी लॅपटॉप तिच्याजवळ नेतो, एकेक फाइल लावतो. तिला नावं सांगायची नसतात, तिला ऐकायचं असतं. मग मध्येच ती बोलते. “ही मी. आवाज बसल्याला हाय.” “ही तुजी आजी, पन दात हाईत तवाचं.” मागून एसटीचा हॉर्न ऐकू आला तर ती म्हणते, “महाबळेश्वर गाडी. म्हंजी सहा वाजून गेलं व्हतं, दळान उशिरा झालं.” एका फाइलीत शेळी ओरडते. त्या शेळीचं नाव तिने सांगितलं, आणि शेळी विकली ते साल, म्हणून ते गाणं १९८६ च्या आधीचं. मी लिहून घेतो. दिवसाला दहा-बारा फाइली होतात. अजून हजारावर शिल्लक आहेत. शेजारीपाजारी म्हणतात, म्हातारीला कशाला दमवतोस. दमत ती नाही, मीच आधी दमतो.

परवा एक अकरा मिनिटांची फाइल लागली. तिच्यात गाणंच नव्हतं. नुसती जात्याची घरघर, आणि प्रत्येक फेऱ्याला एक आवाज: खट्. घरघर, खट्. माझा हात पुसण्याच्या बटणापर्यंत गेला होता. मला वाटलं, वडिलांनी चुकून चालू ठेवला असेल, किंवा डिस्कनेच ती बिघडवली असेल. खट् हा आवाज ऐकला की माझं काळीज हलतं, डिस्कची सवय.

आत्याने डोळे मिटले होते. म्हणाली, “थांब रं. वैनीचं हाय.”

“गाणं कुठाय आत्या?”

“गानं न्हाई म्हनली ती त्या दिशी. दादावर चिडली व्हती. त्येनं यंत्र फुडं ठेवलं तर त्वांडच उघाडलं न्हाई तिनं. दळत ऱ्हायली, दळत ऱ्हायली.” ती जरा थांबली. “ऐक की. खुंटा सैल व्हता. वैनी उजव्या अंगाला वढायची, तवाच त्यो वाजायचा. माझ्या हातानं कदी वाजला न्हाई.”

मी ती फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. अकराही मिनिटं ऐकली. सातव्या मिनिटाला घरघर थांबते, मूठभर वैरण जात्यात पडल्याचा आवाज येतो, बांगड्या वाजतात, आणि पुन्हा सुरू होतं.

आकडे खोडून मी नाव लिहिलं: ‘आई, न गाता. खुंटा सैल.’ घरातल्या आणि इंटरनेटवरच्या प्रतीवर ते गेलं की नाही ते पाहिलं, दिवा लुकलुकायचा थांबला आणि मग केबल काढली.